‘द्या इकडे, मी लावते’ : वयस्क माणसाचा दिवस त्याच्या हातात ठेवायचा कसा

बाबांच्या शर्टाला सात बटणं होती. आजारपणात त्यांची बोटं आखडली होती, त्यामुळे एकेक बटण काजात शिरवायला त्यांना बराच वेळ लागायचा. गळ्याजवळचं तर दिसतही नाही, नुसतं चाचपून लावायचं. मी दारात उभी राहून दोन बटणांपर्यंत कळ काढायची आणि मग ‘द्या इकडे, मी लावते’ म्हणून अर्ध्या मिनिटात काम उरकून टाकायची. सुरुवातीला ते ‘राहू दे, जमेल’ म्हणायचे. पुढे म्हणेनासे झाले. दोनेक महिन्यांनी तर मी खोलीत शिरले की ते खुर्चीत बसल्या बसल्या हनुवटी वर करायचे आणि थांबायचे. बटणांना हातही लावायचे नाहीत.

मला वाटलं, बोटं आणखी बिघडली. फिजिओथेरपिस्टने तपासलं तर बोटं आधीपेक्षा सैल होती. ‘बटणं कोण लावतं?’ एवढंच तिने विचारलं.

घरातल्या किंवा वृद्धाश्रमातल्या वयस्क माणसाचं स्वतःच्या दिवसावर किती चालतं, हे कसं ओळखायचं आणि आपण नकळत काढून घेतलेलं परत कसं द्यायचं, त्याबद्दल हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आईबाबांचं करताना जे वाचलं, करून पाहिलं आणि चुकलं, ते इथे आहे.

आधी थोडं संशोधनाबद्दल

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1976 सालचा. एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वयस्कांची कायमची देखभाल होते अशा निवासात, तो केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं, की खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा, तक्रार असेल तर ती मांडणं, हे सगळं तुमचं तुम्ही ठरवायचं आहे. प्रत्येकाला एक रोपटं देऊ केलं, हवं असलं तर आणि आवडेल ते निवडायचं, पण सांभाळायचं स्वतः. सिनेमा दोन दिवस दाखवणार होते, त्यातला दिवसही ज्याचा त्याने ठरवायचा. दुसऱ्या मजल्यावर तेवढ्याच प्रेमाने सांगितलं, की तुम्हाला आनंदात ठेवणं ही आमची जबाबदारी. रोपटं त्यांनाही मिळालं, पण पाणी नर्स घालणार. सिनेमाही होता, फक्त दिवस नेमून दिलेला.

तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरच्या 93 टक्के लोकांमध्ये सुधारणा दिसली. दुसऱ्या मजल्यावरच्या 71 टक्के लोकांची अवस्था आणखी खालावलेली होती. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा पहिल्या गटातल्या 47 जणांपैकी 7 वारले होते, दुसऱ्या गटातल्या 44 पैकी 13. हा मृत्यूचा आकडा लोक फार रंगवून सांगतात. तो जरा बेतानेच घ्यावा. माणसं थोडी होती, आणि पुढे आकडेमोडीत दुरुस्ती झाली तेव्हा तो फरक आधी वाटला तितका ठाम राहिला नाही. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. दुसऱ्या मजल्यावर कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं. काळजी दोन्हीकडे होती, रोपटीही दोन्हीकडे होती. फरक होता तो पाणी कुणी घालायचं याचा.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली होती. काहीही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव वारंवार आला, की पुढे सुटकेची वाट समोर असली तरी प्राणी प्रयत्न करत नाही. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणू लागले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपलं म्हणणं उलटं केलं. मेंदूच्या अभ्यासातून त्यांना दिसलं, की त्रास लांबला की गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. म्हणजे आपल्याला काही घालवायचं नाही, तर तो अनुभव रोज थोडा थोडा पुरवायचा आहे. आता करायचं काय ते बघू.

पहिल्या तीन दिवसांत काही बदलू नका, नुसतं बघा

एक वही घ्या. उठल्यापासून झोपेपर्यंत त्या माणसाच्या बाबतीत जे जे ठरतं ते लिहा आणि पुढे ते कुणी ठरवलं त्याचं नाव. किती वाजता उठायचं. अंघोळ आधी की खाणं आधी. कुठला शर्ट. खिडकी उघडी की बंद. पंखा किती. टीव्हीचा आवाज किती, रिमोट कुणापाशी. खोलीचं दार लोटलेलं असावं की उघडं. पाहुण्यांना कधी यायला सांगायचं. दिवा कधी मालवायचा.

मोठे निर्णय यात शोधू नका. ऑपरेशन करायचं की नाही, घर विकायचं की नाही, हे वर्षातून एखाददा येतं आणि तेव्हा सगळे त्यांना विचारतातच. माणसाचा दिवस पंख्याच्या रेग्युलेटरवर आणि दाराच्या फटीवर चालतो. मी तीन दिवसांचं लिहिलं तेव्हा तिसावर नोंदी झाल्या. बाबांच्या नावापुढे चार होत्या आणि त्यातल्या दोन टीव्हीच्या चॅनेलच्या.

नोंदी झाल्या की त्यांना तीन खुणा करा. जे सरळ त्यांच्याकडे देता येईल ते एका खुणेत. दोघांनी मिळून ठरवायचं ते दुसऱ्या, म्हणजे ज्यात घरातल्या इतरांच्या वेळाही गुंतलेल्या आहेत. तिसऱ्या खुणेत जिथे जिवाचा किंवा दुखापतीचा प्रश्न आहे ते. ही तिसरी यादी लिहून झाली की पुन्हा वाचा. निम्म्या गोष्टी तिथे सुरक्षिततेसाठी नसतात, आपल्या सोयीसाठी असतात. माझ्या यादीत ‘अंघोळ साडेसातला’ तिसऱ्या खुणेत होतं. त्यात सुरक्षितता कसली? मला साडेआठला निघायचं होतं, एवढंच.

सुरुवात वेळेपासून करा

काय करायचं यापेक्षा कधी करायचं हे आधी परत द्या. अंघोळ करायचीच आहे, औषध घ्यायचंच आहे, यात निवड नाही. पण अंघोळ आत्ता की तासाभराने, यात असते. वयस्क माणसाच्या अंगात दिवसाच्या काही वेळा जोर असतो आणि काही वेळा नसतो, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. सांधे धरणाऱ्याला सकाळी लवकर हलवणं म्हणजे नुसता छळ. तेच काम दहा वाजता कुरकुर न होता पार पडतं.

वेळ देताना आपली अडचण लपवू नका. ‘मला साडेआठला जायचंय. त्याआधी अंघोळ केलीत तर मी असेन, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. कधी करायची?’ हे प्रामाणिक विचारणं झालं. वृद्धाश्रमात किंवा दिवसभर अटेंडंट असलेल्या घरात वेळापत्रक आधीपासून ठरलेलं असतं, तिथेही सगळे एकाच क्रमाने गेले पाहिजेत असं सहसा काही नसतं. ‘पहिला नंबर की शेवटचा?’ एवढं तरी विचारता येतंच.

विचारायचं कसं

इथे मी बऱ्याच चुका केल्या, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

‘आज काय करूया?’ हा प्रश्न थकलेल्या माणसाला ओझं वाटतो. त्याला उत्तर येतं, ‘काहीही.’ दोन पर्याय द्या, फार तर तीन. ते डोळ्यांपुढे धरा, निळा शर्ट एका हातात, पांढरा दुसऱ्या. आणि मग थांबा. खरंच थांबा. वयाबरोबर उत्तर सुचायला आणि तोंडाशी यायला वेळ लागतो, आणि आपण तीन सेकंदांत ‘बरं, निळाच घाला’ म्हणून मोकळे होतो. मनात दहापर्यंत मोजायची सवय मला लावून घ्यावी लागली.

ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद करून समोर बसून विचारा. दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारलेल्या प्रश्नाला बरेच जण न ऐकताच ‘हो’ म्हणतात. आपण समजतो विचारून झालं.

‘अंघोळीला जाऊया ना?’ हा प्रश्न नव्हे, हुकूम आहे. ‘नाही’ हे उत्तर चालणार नसेल तर विचारूच नका, सरळ सांगा. विचारायचं आणि नको ते उत्तर आलं की समजूत घालत बसायचं, याने माणूस एवढंच शिकतो की विचारणं नुसतं नावापुरतं असतं.

आणि ते ‘आपण’. ‘आता आपण गोळी घ्यायची हं, आजोबा’, ‘आपण शहाण्यासारखं झोपायचं’. गोळी आपण घेत नसतो. हे लडिवाळ बोलणं आपल्या भाषेत इतकं मुरलंय की बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्या लोकांचा अभ्यास झाला, त्यात कर्मचारी असं लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलले की रहिवाशांनी काळजी घेऊ देण्याला विरोध करण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. ‘आजी हट्टीपणा करतात’ अशी तक्रार असेल तर आधी आपलं बोलणं ऐकून बघावं.

आईची गोष्ट वेगळी होती. तिला काहीही विचारलं की ‘तुम्हाला चालेल ते मला चालेल’. जन्मभर दुसऱ्यांच्या आवडीनिवडी सांभाळल्यावर ‘तुला काय हवं?’ या प्रश्नापुढे ती गोंधळून जायची, ओशाळल्यासारखी दिसायची. मग मी प्रश्न फिरवला, ‘आई, यातलं तुला कुठलं नको?’ त्याला मात्र फटकन उत्तर आलं, आणि कारणासकट. हवं ते सांगायला धीर लागतो. नको ते सांगायला त्या मानाने कमी. तिथून सुरुवात केली तरी चालते.

एक तरी गोष्ट पूर्णपणे त्यांच्या नावावर हवी

निवड आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते दुसरी जास्त गुणकारी. निळा की पांढरा हे विचारणं बरंच आहे, पण ते आपण विचारलं तर. जबाबदारीत कुणी विचारायला यावं लागत नाही. कुंडीतली माती सुकली की उठावंच लागतं.

अट एकच, काम खरं असावं. त्यांनी केलं नाही तर ते राहिलं पाहिजे. बाबांनी पाणी घालायचं ठरलं, आणि मी रात्री गुपचूप कुंड्या बघून येत होते, कोरडी दिसली की तांब्याभर ओतत होते. त्यांच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं. ‘तूच घाल मग,’ म्हणाले. एक झाड वाळलं असतं तर काय बिघडलं असतं?

काम त्यांच्या पूर्वीच्या आयुष्यातून निवडा. हिशेबात रमणाऱ्याकडे विजेच्या बिलांची फाईल द्या. ज्याची माणसं दूरदूर पांगली आहेत त्याच्याकडे वाढदिवस लक्षात ठेवून फोन करायचं काम. घड्याळं लावणं, कॅलेंडरचं पान उलटणं, संध्याकाळी दिवे लावणं, नातवंडाचं पाठांतर घेणं. शेंगा सोलायला किंवा घड्या घालायला बसवणं मला फारसं पटत नाही, निदान ते काम त्यांनी मागितलं नसेल तर. त्यात वेळ जातो, पण ठरवायचं काही नसतं.

मदत करा, पण एक पायरी कमी

जेरी ॲव्हॉर्न आणि एलन लँगर यांनी 1982 साली नर्सिंग होममधल्या रहिवाशांना चित्राचे तुकडे जोडायला दिले. एका गटाला प्रत्यक्ष मदत केली, दुसऱ्याला नुसतं प्रोत्साहन दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. ज्यांना मदत मिळाली त्यांची कामगिरी नंतर घसरली, आणि स्वतःवरचा भरवसाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्गरेट बाल्टेस यांनी वर्षानुवर्षं नर्सिंग होममधलं वागणं टिपून जे दाखवलं ते याच्या जवळचंच आहे. रहिवासी स्वतःहून काही करत असले तर कर्मचारी तिकडे लक्ष देत नसत. हात टेकले की मात्र लगेच जवळ येत, बोलत. एकटेपणात दिवस काढणाऱ्या माणसाने यातून काय शिकायचं? हनुवटी वर करून बसलं की मुलगी जवळ येते, हे बाबा शिकले होते.

मी आता मदतीच्या पायऱ्या करून ठेवल्या आहेत. आधी नुसतं थांबायचं. मग तोंडाने सांगायचं, ‘काजाची कड अंगठ्याने धरा’. मग बोट दाखवायचं. मग त्यांच्या हाताला हात लावून सुरुवात करून द्यायची. सगळ्यांत शेवटी आपण करायचं, आणि तेही उरलेलं. जिथे गाडी अडते त्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं.

बटणांचं आम्ही असं केलं. शर्ट बसून घालायचा, म्हणजे तोल सांभाळण्यात जोर जात नाही. लावायला सुरुवात खालून, कारण खालचं बटण डोळ्यांना दिसतं. काजं कात्रीने किंचित मोठी करून पुन्हा दोऱ्याने शिवून घेतली. आणि वरचं, न दिसणारं एकच बटण मी लावायचं, तेही त्यांनी सांगितलं तर. शिवाय ते बसले की मी खोलीतून बाहेर जायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं निघालं. बघत उभ्या असलेल्या माणसासमोर कुणाचीही बोटं अडखळतात. पहिल्या आठवड्यात बराच वेळ लागला, पुढे कमी होत गेला. एकदा सगळी बटणं एक घर चुकून लागली होती. मी काही बोलले नाही. ते तसेच खाली जाऊन आले आणि येऊन हसत स्वतःच सांगितलं.

वेळ नसतो, ही अडचण खरीच आहे. रोज सगळ्या कामांत एवढा वेळ देणं कुणाच्याच आवाक्यात नसतं. म्हणून एकच काम निवडा, तेही त्यांनी निवडलेलं, आणि बाकीची कामं खुशाल करून टाका.

घर

याबद्दल थोडक्यात. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत ठेवा, म्हणजे मागाव्या लागत नाहीत. खुर्ची हात असलेली आणि स्वतः उठता येईल इतकी उंच हवी. पलंगावरून पोचेल असं दिव्याचं बटण. चष्मा, कानाचं मशीन, काठी आणि फोन हे चार जण नेहमी हाताशी. मशीनची बॅटरी संपली असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट. आणि आवरण्याच्या भरात त्यांच्या वस्तू हलवू नका. नजर अधू झालेला माणूस हाताच्या सवयीने वस्तू शोधतो. वृद्धाश्रमातली खोली असेल तर आत जाताना दार वाजवा आणि ‘या’ ऐकू येईपर्यंत थांबा.

धोका

सगळे वाद इथेच होतात. ‘एकटे बाहेर जाऊ नका, पडाल.’ भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 65 वर्षांवरच्या लोकांपैकी साधारण 28 ते 35 टक्के लोक दर वर्षी पडतात, आणि सत्तरीनंतर हे प्रमाण 32 ते 42 टक्क्यांवर जातं. एका पडण्याने खुबा मोडून सगळं आयुष्य बदललेलं आपण सर्वांनीच पाहिलेलं असतं.

पण बसवून ठेवणं हाही धोकाच आहे, फक्त तो आवाज न करता येतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायूंचं वजन घटलं. पाय असे गेले की पडण्याची शक्यता वाढते. शिवाय पडण्याची भीती स्वतःच माणसाला कमी हलायला लावते, आणि कमी हलण्याने पाय आणखी जातात. आपण सतत ‘पडाल, पडाल’ म्हणून त्या भीतीत भरच घालत असतो.

म्हणून ‘जाऊ द्यायचं की नाही’ असं भांडू नका. चार प्रश्न घेऊन दोघांनी एकत्र बसा. नेमकं काय होण्याची भीती आहे? ते कितपत घडण्यासारखं आहे, आधी घडलंय का? टाळलं तर ते काय गमावतील? आणि धोका कमी करायला जाणं बंद करण्याशिवाय काय करता येईल? चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा भरपूर उत्तरं असतात. चपलेऐवजी मागून पट्टा असलेली पादत्राणं, काठी योग्य उंचीची, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री उठताना पायाशी उजेड, डोळ्यांची तपासणी, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं, कारण त्यातल्या काहींनी उठताना घेरी येते. तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम केल्याने पडणं कमी होतं हे तर चांगलं सिद्ध झालेलं आहे.

आणि उपाय त्यांना निवडू द्या. मी बाबांना न विचारता न्हाणीघरात दांडा बसवून घेतला होता. तो त्यांच्या अधू हाताच्या बाजूला आला. भिंत पुन्हा फोडावी लागली.

काही धोके मात्र दुसऱ्यांच्याही जिवावर बेततात. नजर किंवा भान सुटल्यावर गाडी चालवणं, गॅस उघडा राहणं. तिथे ‘त्यांची मर्जी’ म्हणून सोडून देता येत नाही. तरीही गाडीची किल्ली लपवण्यापेक्षा डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन तोंडावर बोलणं बरं. आणि गाडी थांबली तर बाहेर पडायचं कसं, हे त्याच बैठकीत ठरवा. किल्ली गेल्याचं दुःख असतंच, पण प्रत्येक वेळी कुणाला तरी ‘सोडशील का?’ म्हणायची वेळ येणं, हे त्याहून टोचतं.

डॉक्टर, गोळ्या, पैसा

दवाखान्यात डॉक्टर रुग्णाकडे बघत आपल्याशी बोलतात. ‘यांना झोप लागते का?’ आपण उत्तर दिलं की संपलं. मी आता बाबांकडे बघते आणि गप्प राहते. दोनतीनदा असं झालं की डॉक्टर आपोआप तिकडे वळतात. जाण्याआधी त्यांच्या मनातले तीन प्रश्न त्यांच्याच हाताने, किंवा त्यांच्या शब्दांत, कागदावर लिहून घ्या. खोलीत पाच मिनिटं त्यांना डॉक्टरांबरोबर एकटं सोडा. मुलांसमोर न सांगता येण्यासारखं पुष्कळ असतं.

गोळ्यांचा वाराप्रमाणे खणांचा डबा मिळतो. तो त्यांनी भरायचा, आपण नंतर एकदा नजर टाकायची. कुठली गोळी कशासाठी हे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. अन्नात गोळी लपवून देणं हे घरात विश्वास तोडण्याचं सर्वांत सोपं साधन आहे. एकदा कळलं की जेवणावरूनही मन उडतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. मोठे व्यवहार मुलांनी बघायचे असं ठरलं तरी, ज्याचा हिशेब द्यावा लागत नाही असे थोडे पैसे त्यांच्या स्वतःच्या पाकिटात असले पाहिजेत.

स्मृतिभ्रंश असेल तर

‘त्यांना आता काय कळतंय’ हे वाक्य घाईचं असतं. निर्णय घेण्याची क्षमता सगळीच्या सगळी असते किंवा मुळीच नसते, असं नाही. ती त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघायची असते. कागदपत्रांचा अर्थ लागत नसलेल्या माणसाला कुणी शेजारी बसावं आणि कुणी नको, हे व्यवस्थित कळतं. संध्याकाळी गोंधळणारा सकाळी बराच ताळ्यावर असतो, तेव्हा विचारा. शब्द संपत चालले की वस्तू दाखवा. तेही जमेनासं झालं की चेहरा, हाताची हालचाल, तोंड फिरवणं हेच उत्तर धरा. तोंड मिटून घेणं म्हणजे ‘नको’. ते पाळलं, तर ती निवडच झाली.

शक्य असेल तेव्हाच, म्हणजे आजाराच्या सुरुवातीला, त्यांच्या सवयी लिहून ठेवा. उशी किती उंच, कुठल्या कुशीवर झोप लागते, आवाज कुठला सहन होत नाही. पुढे जो कुणी सांभाळणार आहे त्याला हा कागद औषधांच्या यादीइतकाच लागेल.

त्यांना नकोच असेल तर

हेही खरं आहे. 1986 साली रॉडिन यांनीच या विषयाचा आढावा घेताना लिहिलं होतं, की काही लोकांना आणि काही प्रसंगी वाढीव ताबा त्रासाचाही ठरतो. ताप आहे, दुःख झालंय, किंवा आयुष्यभर निर्णय घेऊन माणूस थकलाय. ‘तू ठरव, तुझ्यावर सोडलंय’ हाही एक निर्णय आहे, आणि तो त्यांनी घेतलेला असेल तर पाळावा. फक्त तो कायमचा समजू नये, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं.

वय वाढतं तसं सगळं हातात राहत नाहीच. मार्गरेट आणि पॉल बाल्टेस हे पती-पत्नी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं उदाहरण देत. ऐंशीच्या घरात वादन कसं टिकवलं, तर त्यांनी वाजवायच्या रचना कमी केल्या, उरलेल्यांचा रियाज वाढवला, आणि द्रुत भागाच्या आधी लय मुद्दाम थोडी उतरवायला लागले, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त वाटतो. काय सोडायचं हे त्यांनी स्वतः निवडलं. तेव्हा ‘हे आता बंद करा’ म्हणण्याऐवजी ‘यातलं काय ठेवायचं आहे?’ असं विचारून बघा.

पेलेल तेवढंच सुरू करा

रिचर्ड शुल्झ यांचा 1976 चाच एक प्रयोग आहे. निवृत्तांच्या एका वसतिगृहातल्या 40 जणांपैकी काहींना कॉलेजचे विद्यार्थी भेटायला जायचे. एका गटाने भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवायचं होतं, दुसऱ्याला वेळ आधी कळवली जायची, तिसऱ्याकडे विद्यार्थी कधीही जायचे, चौथ्याकडे कुणीच नाही. पहिले दोन गट जास्त खुशीत आणि तब्येतीने बरे राहिले. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढच्या साडेतीन वर्षांत पाहणी केली तेव्हा हेच दोन गट घसरलेले होते, बाकीचे दोन होते तिथेच होते.

उत्साहाच्या भरात सुरू करून महिन्याने सोडून देणाऱ्या सगळ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे वाचावं. ‘रोज संध्याकाळी तुम्ही म्हणाल तेव्हा फिरायला नेईन’ असं बोलू नका. ‘रविवारी, वेळ तुम्ही सांगा’ म्हणा आणि पाळा. चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. येणार आहे की नाही हे आधी कळणं, यालाही त्या प्रयोगात तेवढंच मोल होतं.

फरक कसा ओळखायचा

महिन्याभराने ती वही पुन्हा काढा आणि तीन दिवस तसंच लिहा. पण त्याआधीच घरात जाणवायला लागतं, आणि ते नेहमी गोड नसतं. माणूस ‘नाही’ म्हणायला लागतो. सूचना करतो. तक्रारी वाढतात. आमच्याकडे पडद्यांवरून सुरू झालं, मग बातम्यांच्या आवाजावरून, मग माझ्या फोनवर बोलण्यावरून. मला दोन दिवस राग आला, मग आठवलं की आधीचे दोन महिने ते कशाबद्दलच काही बोलले नव्हते.

उलट, एखादा माणूस एकाएकी, थोड्या दिवसांत गप्प झाला, खाणं सुटलं, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, किंवा अचानक असंबद्ध बोलू लागला, तर निवडीचे प्रयोग करत बसू नका. नैराश्य, थायरॉइड, जंतुसंसर्ग, नव्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. असंबद्ध बोलणं एकदम सुरू झालं असेल तर त्याच दिवशी.

बाबा आता बिनबटणाचे टी-शर्ट घालतात. मी सुचवलं होतं तेव्हा साफ नाही म्हणाले होते. सात बटणं लावायला जमायला लागल्यावर महिन्याभराने स्वतःच म्हणाले, ‘कशाला रोज एवढा वेळ घालवायचा?’ शर्ट कुठेतरी जायचं असलं की निघतो.